रुसलेल्या देवांच्या गावात

"उद्या पंचमी हाय. टेंबलाईला चल," मावशी म्हणाली तेव्हा माझ्या मशिनवर कुणाचा तरी नवरात्रातला ब्लाऊज होता. मान वर न करताच मी म्हटलं, "तू जाऊन ये."

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शिवाजी पेठेतल्या माहेरच्या घरात पुढच्या खोलीत मी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं काम करायचे. गल्लीतल्या बायका कपडे आणून द्यायच्या, चार गोष्टी बोलायच्या, पण हळदीकुंकवाचं बोलावणं करताना माझ्या दाराशी अडखळायच्या. बोलवावं तर कुंकू लावायचं की नाही, न बोलवावं तर वाईट दिसतं. त्यांची अडचण मला कळायची, म्हणून मीच जाणं सोडून दिलं होतं.

मावशी जागची हलली नाही. "नवस बोलायला न्हेत न्हाई मी तुला. एक रुसलेली बाई दाखवायला न्हेतोय," ती म्हणाली. आमच्याकडं बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि मावशी तसं बोलली की तिच्यापुढं कुणाचं चालत नाही.

टेंबलाईची गोष्ट कोल्हापुरात लहानपणापासून ऐकलेली असते, पण त्या दिवशी टाकाळ्याच्या चढावर उभं राहून ती मी पहिल्यांदा नीट ऐकली. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. त्याचा मुलगा कामाक्ष सुडाला पेटला आणि योगदंडाच्या जोरावर त्यानं देवीसकट सगळ्या देवांची मेंढरं केली. तेव्हा त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, म्हातारीचं रूप घेऊन गेली, त्याच्याकडनं तो दंड काढून घेतला, त्याला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन शहराकडं पाठ करून बसली. चूक लक्षात आल्यावर अंबाबाई लवाजमा घेऊन स्वतः तिच्याकडं गेली. दर वर्षी अश्विन शुद्ध पंचमीला, ललितापंचमीला, तीच भेट होते. अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, दोघींची भेट होते आणि कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कुमारिकेच्या हातानं कोहळा फोडला जातो. कोहळा फुटला की त्याचा तुकडा मिळवायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात.

सोहळ्याला बोलवायचं राहिलेली बाई. हे चार शब्द मी घरी घेऊन आले. कोहळ्याचा तुकडा काही आम्हाला मिळाला नाही, तेवढ्या गर्दीत मावशीला सांभाळणंच जास्त होतं. पण परतताना मावशीनं विचारलं, "मग, बघायचं का परत स्थळ?" आणि मी नाही म्हटलं नाही.

त्यानंतरचं वर्षभर जे झालं ते सांगायचं आहे. दुसऱ्या लग्नाची वाट आपल्याकडं कशी असते ते फार कुणी लिहीत नाही.

पहिल्यांदा आम्ही एका वधूवर केंद्रात नाव घातलं. तिथं आमच्यासाठी वही वेगळी होती. प्रथम विवाहाच्या वह्या पुढं टेबलावर, पुनर्विवाहाची मागं कपाटात. फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना होता आणि त्यात दीड ओळीची जागा होती. दोन महिन्यांत तीन कार्यक्रम झाले. पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी पत्रिका मागितली, एकांनी ३६ पैकी १८च्या वर गुण जुळत असूनही "मागच्या वेळी किती जुळले होते?" असं विचारलं. मागच्या वेळी २७ जुळले होते. मी ते खरं सांगितलं. पाहुणे गप्प झाले आणि आबा उठून आत गेले. त्या संध्याकाळी आबांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. नाव काढून घेतलं.

मावशीची वाट मात्र वेगळी होती. तिचा विश्वास देवळांवर आणि गोष्टींवर. नोव्हेंबरात ती मला किरणोत्सवाला घेऊन गेली. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून येतात, गरुड मंडप आणि पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा तसंच. आम्ही तिन्ही संध्याकाळी गेलो. पहिल्या दिवशी किरणं चरणांपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी ढग आले आणि किरणं वाटेतच विरली. शेकडो माणसं मान उंचावून उभी होती, कुणी चिडलं नाही. "उद्या येईल की," म्हणत माणसं घरी गेली. तिसऱ्या दिवशीही हवेत धूसर होतं. मुखापर्यंत उजेड काही आला नाही. तरी त्या तीन संध्याकाळी मला फार बरं वाटलं. उजेड इतका लांबून, इतक्या अडथळ्यांतून यायचा म्हणजे एखाद्या वर्षी न पोचणं त्यात आलंच. पोचला नाही म्हणून देवीत काही खोट निघत नाही.

तिथंच ओवरीत बसून मावशीनं तिरुपतीच्या शालूची गोष्ट काढली. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. लक्ष्मीचा वास त्याच छातीत. विष्णूनं रागवायचं सोडून ऋषींचेच पाय चेपले. लक्ष्मीला हा अपमान सहन झाला नाही, ती वैकुंठ सोडून करवीरात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात आली. तिला शोधत विष्णू व्यंकटाद्रीवर उतरला आणि तिथं त्यानं पद्मावतीशी लग्न केलं. म्हणून आजही नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो.

"त्यानं दुसरं लग्न केलं. हिनं काय केलं?" मी विचारलं.

"हिनं गाव वसवलं," मावशी म्हणाली.

जाणकार सांगतात की अंबाबाई ही कुणाची पत्नी नव्हेच, ती आदिशक्ती. हातात महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मागं सिंह. मूर्ती बघितली की मलाही तेच पटतं. पण शालूची गोष्ट गावानं जपली त्यालाही काही अर्थ आहे. लोकांना आपल्या देवीचा रुसवा खरा वाटला आणि इतक्या वर्षांनी का होईना, समोरून काहीतरी यायला हवं असं वाटलं. शालूच्या काठाला फॉल लावणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट जवळची वाटणारच.

मार्गशीर्षात आम्ही गारगोटीच्या वाटेवरच्या कात्यायनीला गेलो. लग्न ठरावं म्हणून कात्यायनीला साकडं घालायची चाल भागवतापासून आहे. गोकुळातल्या मुलींनी हेमंत ऋतूत यमुनेच्या काठी वाळूची कात्यायनी केली आणि कृष्णच पती मिळावा म्हणून महिनाभर व्रत केलं. त्यांचा मंत्र मावशीला पाठ. 'नन्दगोपसुतं देवि पतिं मे कुरु ते नमः'. ती म्हणेल तसं मी म्हणत गेले आणि 'नन्दगोपसुतं' पाशी थांबले. त्या मुलींनी 'चांगला नवरा दे' असं मोघम मागितलंच नव्हतं. त्यांनी नंदगवळ्याचा पोर मागितला होता. मी कुणाचं नाव घेणार होते? हात जोडून तशीच उभी राहिले. नाव सुचेपर्यंत काही मागायचं नाही, असं तिथं ठरवलं.

पहिल्या लग्नाआधी आईनं माझ्याकडनं एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करून घेतलं होतं. लग्न जमत नसलं की आपल्याकडं मुलीला ही पोथी वाचायला बसवतात. अठरा प्रसंग, रोज एक. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि ओव्या नुसत्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. कात्यायनीहून आल्यावर मी पोथी आपणहून काढली. या वेळी वाचताना लक्षात आलं की ज्या रुक्मिणीच्या नावानं आपण मुलींना गप्प बसून वाट बघायला लावतो, तिनं स्वतः पत्र लिहिलं होतं. ब्राह्मणाच्या हाती ते द्वारकेला धाडलं, कुठं भेटायचं तेही कळवलं. गावाबाहेर, अंबिकेच्या देवळापाशी.

मावशीच्या नणंदेनं नरसोबावाडीहून एक स्थळ सुचवलं होतं. कुरुंदवाडचे शिक्षक, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी चौथीत. त्यांचा नंबर महिनाभर माझ्या मोबाइलमध्ये पडून होता. कुणी कुणाला आधी फोन करायचा यात दोन्ही घरं अडून बसली होती. पोथी संपली त्या रात्री मी मेसेज केला, 'घरी कार्यक्रम नको. बाहेर कुठंतरी भेटूया.' दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'खिद्रापूरला याल का? मुलीलाही घेऊन येतो.'

कुरुंदवाडपर्यंत एसटी आणि पुढं वडाप, म्हणजे सीटवर भरणारी खासगी गाडी करून मावशी आणि मी पोचलो. कृष्णेच्या काठचं ते कोपेश्वराचं देऊळ मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, पण सहलीत देऊळ कुठं बघतो आपण. स्वर्गमंडपात गेलं की वर छत नाही, गोल मोकळं आभाळ. भोवती ४८ खांब. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलावर येतो आणि खाली शिळेवर चांदणं उतरतं. आम्ही गेलो तेव्हा भर दुपारचं ऊन त्या गोलातून खाली पडलं होतं आणि त्या उन्हाच्या कडेला सर उभे होते. मुलगी बाहेर देवळाच्या पायाशी कोरलेले हत्ती मोजत होती. मोजत मोजत आमच्यापर्यंत आली, मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि परत मोजायला गेली.

काय बोलावं ते दोघांनाही कळत नव्हतं. मी विचारलं, "इथं नंदी का नाही?" शंकराच्या देवळात शिरताना पहिल्यांदा नंदीच शोधतात डोळे.

"नंदी यडूरला आहे," सर म्हणाले. "सतीला माहेरच्या यज्ञाला जायचं होतं. शंकरानं नंदीला सोबत दिलं. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सती परत आली नाही, नंदीही तिकडंच राहिला. शंकर कोपला, म्हणून हा कोपेश्वर. गाभाऱ्यात शेजारी दुसरं लिंग आहे ना, ते धोपेश्वर, म्हणजे विष्णू. समजूत काढायला आलेला."

एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, "तिला दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. परत एकटा आलो. त्यानंतर वर्षभर मी या देवळाकडं फिरकलो नाही."

समजुतीचं काही बोलावं असं मला वाटलं नाही. तेही काही मागत नव्हते. गाभाऱ्यात ती दोन लिंगं शेजारी शेजारी बघून आले आणि पायरीवर बसून मी माझं सगळं सांगितलं. त्या फॉर्मवरच्या दीड ओळीत जे मावलं नसतं ते सगळं. त्यांनी मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. मुलगी येऊन म्हणाली, "सोंडा तुटलेले पण मोजायचे का?" सर माझ्याकडं बघायला लागले. "मोजायचे," मी म्हटलं. "हत्ती हत्तीच असतो." ती खूश होऊन पळाली.

परतीच्या वडापमध्ये मावशीनं फक्त एवढंच विचारलं, "नाव सुचलं?"

पुढं चैत्र आला. ज्योतिबाच्या यात्रेला आमच्या घरचे दर वर्षी जातात. वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालानं लाल होतो, उंच सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'च्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडं जाते आणि तिथं यमाईचं लग्न लागतं. यमाई म्हणजे रेणुका, आणि नवरदेव जमदग्नी कट्यारीच्या रूपात. जमदग्नीनं रागाच्या भरात रेणुकेचं शीर उडवायला पोराला सांगितलं होतं, ती गोष्ट कुणाला ठाऊक नाही? त्याच दोघांचं दर चैत्रात पुन्हा लग्न लावतात, आणि लाखो माणसं त्याला वऱ्हाड म्हणून जातात. देवांचं पुन्हा लग्न गाव एवढ्या हौसेनं लावतं. माणसांच्या बाबतीत मात्र ती वही मागच्या कपाटात का जाते? त्या संध्याकाळी केसांतला गुलाल झाडत मी आईला सांगितलं की मी कुरुंदवाडला होकार कळवणार आहे.

आईला काळजी जातीची होती. सर लिंगायत, आम्ही मराठा. त्यांच्याकडं जंगमांनी लग्न लावावं असं म्हणणं, आमच्याकडं भटजींनी. आबा इतका वेळ गप्प होते, ते एकदम बोलले, "महाराजांनी १९१७ साली विधवांच्या लग्नाला कायदा केला, १९१९ साली जातीबाहेरच्या लग्नाला केला. आपण त्यांच्या गावात राहतो. शंभर वर्षं झाली की त्याला." आबा तालमीतले, वाद घालणारे नव्हेत. शाहू महाराजांचं नाव घेतलं की विषय तिथंच संपतो हे त्यांना माहीत होतं.

शेवटी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचं ठरलं. त्याची रीत सांगते, कारण आमची बरीच धावपळ माहिती नसल्यानं झाली. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, सरांकडून पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस कुणाची हरकत आली नाही की मग लग्न लागतं. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. आमच्या बाजूनं मावशी आणि आबा, सरांच्या बाजूनं त्यांच्या पहिल्या पत्नीचा भाऊ. तो स्वतः होऊन आला होता. सही करताना त्याचा हात थोडा थरथरला. सही झाल्यावर त्यानं भाचीला उचलून घेतलं.

ते ३० दिवस मला जड गेले. आपली नावं भिंतीवर आहेत, कुणीही वाचावीत, कुणीही हरकत घ्यावी. दोनदा मी नुसती तो कागद जागेवर आहे का ते बघायला गेले. आषाढ होता. गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाद्यांच्या तालावर मुली पंचगंगेचं नवं पाणी कळशीत घेऊन टेंबलाईला चालल्या होत्या. आमच्या गल्लीची कळशी निघाली तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या दारात थांबून मला हळदीकुंकू लावलं. काही बोलल्या नाहीत. डोळे पुसत पुढं गेल्या.

पहिल्या लग्नातला साज माझ्या पेटीत होता. तो घालवत नव्हता, मोडवत नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले, "तो तुमचा आहे. मी कोण सांगणार?" मग मी आणि आई गुजरीत, सराफांच्या पेठेत गेलो. कोल्हापुरी साजाला २१ पानं. १० दशावतारांची, ८ अष्टमंगळाची, माणकाचं एक, पाचूचं एक आणि एक डोरलं. सोनारानं वजन केलं, मी मोडायला सांगितलं. त्यातल्या सोन्यातून मुलीसाठी दोन बांगड्या केल्या आणि उरलेल्यातून माझ्यासाठी मंगळसूत्राची एक साधी वाटी. पेटी रिकामी झाली तेव्हा आई गुजरीतच रडली.

लग्नाला सहा महिने होऊन गेल्यावर आमचं पहिलं भांडण झालं. घराला रंग द्यायचा म्हणून मी मुलीच्या आईचा फोटो काढून आतल्या खोलीत ठेवला. परत लावताना भिंत बदलली. सर शाळेतून आले आणि फटकन एक वाक्य बोलले. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी कोल्हापूरला आले. आईनं काही विचारलं नाही. मावशी येऊन बसली, तिनंही नाही. जुन्या मशिनवर वहिनीचा एक ब्लाऊज अर्धा पडला होता तो घेऊन बसले.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर सर होते, आणि त्यांच्या पुढं मुलगी, हातात नरसोबावाडीच्या कवठ बर्फीचा पुडा. हातात नव्या बांगड्या होत्या.

"मावशी, आम्ही एसटीत उभं राहून आलो," ती मला म्हणाली आणि पुडा मशिनवरच ठेवला.

सर उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "फोटो मी काढून ठेवलाय," ते म्हणाले. "कुठल्या भिंतीवर लावायचा ते तुम्ही येऊन सांगा."

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी सरांना आत यायला सांगितलं आणि ब्लाऊजची राहिलेली बाही जोडायला घेतली. कुरुंदवाडच्या पाचच्या गाडीला अजून दोन तास होते.